चपाती बंद, पोळी चालू

मी पोटापाण्यासाठी शब्द लिहितो. कथा-कविता नव्हे. एखाद्या सॉफ्टवेअरबरोबर जी माहितीपुस्तकं येतात आणि जी कुणीही उघडत नाही, ती मी लिहितो. हिंजवडीतल्या एका कंपनीत माझं हेच काम आहे. एका शब्दाचा एकच अर्थ निघेल अशी वाक्यं करायची, वाचणाऱ्याचा गोंधळ होऊ द्यायचा नाही. या कामाबद्दल मला कंपनीनं एकदा भिंतीवरचं घड्याळ आणि एकदा पाठीवरची सॅक बक्षीस दिली आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा घोळ एका शब्दाचे दोन अर्थ निघाल्यामुळं झाला, आणि तो होत असताना मी दोन्ही बोलणाऱ्यांच्या मधल्या खुर्चीवर बसलो होतो.

तो शब्द म्हणजे पोळी.

आमचं गाव मुळशीतलं भरे. आमच्याकडं रोज ताटात पडते ती चपाती. पोळी म्हणजे पुरणाची, सणावाराला होणारी, तुपात भिजलेली. कॉलेजसाठी पुण्यात आलो तेव्हा एका मित्राच्या घरी त्याच्या आईनं विचारलं, पोळी वाढू का? मी सावरून बसलो. आज काय सण आहे ते आठवत राहिलो. ताटात साधी घडीची चपाती पडली आणि मी ती उलटून पुरण कुठं आहे ते पाहिलं. मित्राच्या आईला वाटलं, मी करपलंय का ते बघतोय. त्या दिवसापासून मी शहाणा झालो. चांदणी चौक ओलांडून पुण्यात शिरलो की माझी चपाती पोळी व्हायची आणि घरी परतताना पुन्हा चपाती. दोन्ही बाजूंचं बोलणं आपल्याला येतं याचा मला फार गर्व होता. आता आम्ही भूगावला फ्लॅटमध्ये राहतो, म्हणजे चौकाच्या अलीकडं. बायको साताऱ्याकडची, त्यामुळं घरात चपातीच.

दुसरी गोष्ट माझ्या रक्ताची. मी लहानपणापासून पांढराफटक. आमच्या गावातली पोरं उन्हातान्हात रापून निघालेली आणि त्यांच्यात मी सोललेल्या मुळ्यासारखा. आईचे गूळ-शेंगदाणे देऊन झाले, खजूर झाले, बीट झालं, पालकाचं तर नाव काढलं तरी मी पळायचो. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. त्यानं रक्त काही वाढलं नाही, पोट मात्र घट्ट झालं. दोन जिने चढलो की धाप लागायची. कॉलेजात मी त्याचंही भांडवल केलं. फार विचार करणाऱ्या माणसाचा चेहरा असाच असतो, असं मी आडून आडून सुचवायचो. लग्न ठरताना बायकोनं तो चेहरा पाहून मुलगा गंभीर आहे असा समज करून घेतला. तो समज पहिल्या आठवड्यातच गेला.

पोटाचं तर बोलूच नये. दुपारचा डबा खाल्ला की पोट फुगायचं आणि मी मीटिंगमध्ये टेबलाखाली पट्टा सैल करायचो. त्याचा दोष मी खुर्चीला दिला, एसीला दिला, साहेबांच्या आवाजालाही दिला. डब्यातल्या चपातीवर कधी संशय आला नाही. घरच्या चपातीवर कोण संशय घेतं?

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी घरात पाळणा हलत नव्हता. आई भरेहून भूगावला आमच्याकडं यायची, दोन दिवस काही बोलायची नाही आणि परत जायची. मग एका दिवाळीत ती गावातल्या देवीपुढं जाऊन नवस बोलून आली. माझ्या वतीनं, मला न विचारता. बाळ हातात येईस्तवर माझा ल्योक चपाती खाणार न्हाई, असा शब्द तिनं देवीला दिला होता.

मी भांडलो. म्हटलं, नवस तू बोललीस तर सोडायचं तूही काहीतरी सोड. ती म्हणाली, "मी काय सोडू? भाताबिगर मला दुसरं काय ग्वाड लागतंय? आन् भात सोडला तर जगंन का मी?"

यात खोटं काही नव्हतं. आई तीन वेळा भात खाणारी बाई. सकाळी शिळा फोडणीचा, दुपारी ताजा, रात्री दुधाबरोबर, आणि तोही आमच्या स्वतःच्या खाचरातला इंद्रायणी. चपातीला ती आजाऱ्याचं खाणं म्हणायची. तेव्हा चपाती मी सोडली. चपाती सोडल्यावर बिस्कीट कशाला, पाव कशाला, असं करत करत आईनं गव्हाचं सगळंच बंद केलं. फक्त सणाची पोळी तेवढी सुटली, कारण ती देवीच्या निवदाची, देवीचीच वस्तू, तिला नवस लागू नाही. मी डब्यात तांदळाची भाकरी नेऊ लागलो.

आणि काय सांगू, मला बरं वाटायला लागलं. पोट फुगायचं थांबलं. तोंडात सारखे उठणारे फोड गेले. जिना चढताना मधल्या वळणावर फोन काढून बघायचं नाटक करावं लागेना. मी याचा सरळ अर्थ लावला: हे संकल्पाचं बळ. ऑफिसात जेवणाच्या टेबलावर मी मनोनिग्रहावर बोलायला लागलो. एक साधी चपाती सोडली तर माणसात किती फरक पडतो, हे मी समोरच्याच्या ताटातल्या चपातीकडं बघत सांगायचो. काही दिवसांनी लोक दुसऱ्या टेबलावर बसू लागले. होळीला मात्र चार पोळ्या हाणल्या आणि दोन दिवस आडवा झालो. त्याचा दोष कटाच्या आमटीला दिला.

त्या होळीच्या थोडंच आधी बायकोला दिवस गेल्याचं कळलं होतं. आई नुसती माझ्याकडं बघून मान हलवायची. मी आजवर विज्ञानाच्या बाजूनं जे जे बोललो होतो ते तिनं त्या एका मानेत परत केलं.

मग बायकोच्या नेहमीच्या रक्ततपासणीत निघालं की तिला थॅलेसेमिया मायनर आहे. तिला स्वतःला त्याचा काही त्रास नाही, अशी कितीतरी माणसं असतात आणि त्यांना जन्मभर पत्ताही लागत नाही. पण नवऱ्याचं रक्त तपासून घ्या असं सांगितलं गेलं. चांदणी चौकाच्या पलीकडं रक्तविकारांच्या एक डॉक्टर होत्या, त्यांच्याकडं आम्ही दोघं गेलो. त्यांनी माझ्या जुन्या रिपोर्टांवरून नजर फिरवली. हिमोग्लोबिन कमी, लाल पेशी आकारानं लहान. हे लोहाच्या कमतरतेत दिसतं आणि थॅलेसेमिया मायनरमध्येही दिसतं, असं त्या म्हणाल्या. मीही मायनर निघालो तर बाळाला मोठा आजार होण्याची शक्यता चारात एक. मग त्या मुलाला जन्मभर दुसऱ्याचं रक्त चढवत राहावं लागतं. म्हणून तसं निघालं तर पोटातल्या बाळाचीही तपासणी करावी लागेल.

माझी बायको शाळेत गणित शिकवते. फासे टाकून शक्यतेचा धडा ती दरवर्षी मुलांना हसतखेळत शिकवते. त्या दिवशी तिनं मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि घरी येईपर्यंत सोडली नाही.

माझं रक्त काढलं. शीर सापडेना म्हणून दोन्ही हातांवर टोचलं. एवढं सगळं झाल्यावर सुई निघाली तेव्हा मी पडलो. आमच्या दोघांत गरोदर कोण आहे, असं तिथल्या बाईंनी अगदी साधेपणानं विचारलं.

रिपोर्ट आले तेव्हा बायकोच्या उलट्या चालू होत्या, म्हणून माझ्याबरोबर आई आली. आई अशा ठिकाणी नऊवारी नेसून, पदर खांद्यावरून घेऊन, साक्षीदारासारखी ताठ बसते. डॉक्टरांनी सांगितलं की थॅलेसेमियाचा जो आकडा बघायचा असतो तो माझ्या रक्तात बरोबर सीमेवर आला आहे. पण शरीरातलं लोह इतकं कमी आहे की त्या आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही, लोह कमी असलं की तो खोटाच खाली दिसतो. तेव्हा खरं काय ते डीएनए तपासणीत कळेल, त्याला वेळ लागेल. आणि चांगल्या खात्यापित्या पुरुषाचं लोह इतकं खाली का, हाही प्रश्न आहेच. काही लोकांना गहू चालत नाही, आतड्याला सूज येते आणि खाल्लेलं लोह अंगी लागत नाही. त्याला सिलियाक म्हणतात. त्याचीही तपासणी आजच करू.

इथं मी हरवलो. भिंतीवर आतड्याचं एक रंगीत चित्र होतं, त्यातल्या नावांमध्ये शुद्धलेखनाची चूक होती आणि मी ती मनातल्या मनात दुरुस्त करत होतो. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. घाबरलो की मी शुद्धलेखन तपासतो. तेवढ्यात डॉक्टरांनी विचारलं, "ही तपासणी गहू खाणाऱ्यातच बरोबर येते. रोजची पोळी चालू आहे ना? मध्ये सोडली वगैरे नव्हती?"

आई म्हणाली, "पोळी कशाला सोडंल? आत्ता होळीला खाल्ली की. चांगल्या चार खाल्ल्या."

डॉक्टर म्हणाल्या, छान, आणि त्यांनी लिहून घेतलं. मी चित्रातला ऱ्हस्व उकार दीर्घ केला.

घरी येऊन मी फोनवर सिलियाकबद्दल सापडेल ते वाचून काढलं आणि एकदम उत्साहात आलो. पोट फुगणं, तोंडातले फोड, रक्त न वाढणं, सगळं माझंच वर्णन होतं. माझ्या डोक्यात एक निवडणूक उभी राहिली. एकीकडं थॅलेसेमिया, दुसरीकडं सिलियाक. एक निवडून आला की दुसऱ्याचं डिपॉझिट जप्त. बायकोनं मला समजावलं की हे दोन वेगळे प्रश्न आहेत, माणसाला दोन्ही असू शकतं किंवा एकही नसू शकतं. डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं. पण मला ते पटवून घ्यायचंच नव्हतं. जन्मात कधी देवाकडं काही न मागणारा मी, रोज आंघोळीनंतर हात जोडून म्हणू लागलो, देवा, मला सिलियाक होऊ दे. देवाकडं आजार मागणारा माझ्यासारखा भक्त त्यालाही क्वचितच भेटत असेल.

सिलियाकचा रिपोर्ट निगेटिव्ह आला.

फोनवर तो वाचून मी ऑफिसातून लवकर निघालो. बायको बाल्कनीतले कपडे काढून घड्या घालत होती. मी सांगितलं. तिनं हातातल्या टॉवेलची घडी पूर्ण केली आणि म्हणाली, म्हणजे तुमचंही तेच. दोन वेगळे प्रश्न आहेत हे मला पटवणारी तीच, पण बहुधा माझी निवडणूक तिच्याही मनात चालू होती. मग ती बाळाच्या तपासणीबद्दल बोलायला लागली. पोटातून सुईनं नमुना कसा काढतात, त्यात धोका किती, आणि तसं काही निघालं तर पुढं काय करायचं. त्या पुढच्याचं नाव आम्ही दोघांनीही घेतलं नाही. मला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती. आम्ही दोघांनी मिळून उरलेल्या कपड्यांच्या घड्या घातल्या.

पुढच्या भेटीला आम्ही तिघंही गेलो. डीएनएचा नमुना बिघडला होता, तो पुन्हा द्यायचा होता, म्हणजे आणखी वाट बघणं आलं. डॉक्टर आम्हांला धीर देत म्हणाल्या की निदान गव्हाची तरी भीती नाही आता, तुमची पोळी, ब्रेड, बिस्किटं पूर्वीसारखी चालू ठेवा.

आई म्हणाली, "बिरेड-बिस्कीट न्हाई खायचा तो. चपाती बी न्हाई. दिवाळीपासनं सोडलीया. नवस हाय."

डॉक्टरांनी वर पाहिलं. "पण रोज पोळी खातात असं म्हणाला होतात ना तुम्ही?"

"रोज?" आईला त्यांची दया आली असावी. "रोज पोळी कोण खातंय बाई? आमी काय संस्थानिक हाय का? सणाला खायची."

"पोळी म्हणजे?"

"आत पुरान भरत्यात ती."

आईनं तळहातावर तळहात फिरवून पोळी कशी लाटतात तेही दाखवलं. डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं आणि माझ्याकडं बघून अगदी सौम्यपणे विचारलं, "तुम्ही काय काम करता म्हणालात?"

"माहितीपुस्तकं लिहितो," मी म्हणालो. "लोकांचा गोंधळ होऊ नये म्हणून."

बायको हसायला लागली. कितीतरी दिवसांनी ती हसत होती आणि ते हसू तिला आवरेना, डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेना. आई आमच्याकडं रागानं बघत होती. तिच्या मते हसण्यासारखं काहीच झालं नव्हतं, पोळी वेगळी आणि चपाती वेगळी हे शेंबड्या पोरालाही कळतं.

डॉक्टरांनी नव्यानं सगळं समजावलं. इतके महिने गहू पोटात गेला नसेल तर रक्तात त्याची खूण राहणार नाही. आता काही आठवडे रोज गहू खायचा आणि मग पुन्हा रक्त द्यायचं. बाळाचा निकाल मात्र डीएनएवरच, हे त्यांनी माझ्याकडं बोट दाखवून पुन्हा सांगितलं. माझ्या निवडणुकीची बातमी बायकोनं त्यांना दिली होती.

गाडीत बसल्यावर आईनं सांगून टाकलं की चपाती खायची नाही. मी म्हटलं, अगं डॉक्टरांनी सांगितलंय. ती म्हणाली, डॉक्टरीणबाईनं सांगितलं आणि मी देवीला सांगितलंय, आधी कुणाला सांगितलं? मी वैतागून आवाज चढवला. तेव्हा ती मागच्या सीटवरून हळू आवाजात म्हणाली, "पोटात बाळ हाय. आता शब्द मोडू म्हनतुयास?" माझा नवसावर विश्वास नव्हता असं मी नेहमी सांगतो. पण त्या क्षणी मलाही ती चपाती मोडायची हिंमत झाली नसती.

आई दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं भरेला गेली आणि एक रात्र राहून परत आली. आल्या आल्या पदर खोचून कणीक मळायला बसली. मऊ, पातळ, पदर सुटलेल्या चपात्या तिनं केल्या आणि ताट माझ्यापुढं ठेवलं.

"पोळी खा," ती म्हणाली.

मी ताटाकडं बघितलं. पुरण नव्हतं.

"देवीला सांगून आलेया. त्याची चपाती बंदच हाय म्हणलं. ही डॉक्टरीणबाईची पोळी हाय."

"आणि तिला कळणार नाही?"

"तिला समदं कळतंय. तू गप खा."

जन्मभर ज्या शब्दाला ती पुणेरी नखरा म्हणत आली तो शब्द त्या दिवसापासून आमच्या घरात चालू झाला. पोळी लाटली, पोळी झाली का, अजून एक पोळी घे. चुकून माझ्या तोंडून चपाती निघालं की ती डोळे वटारायची आणि खिडकीतून पश्चिमेला, गावाच्या दिशेनं बघायची. गंमत म्हणजे ती स्वतःही माझ्याबरोबर पोळीच खाऊ लागली. मी विचारलं तर म्हणाली, तुला सोबत. मी तिची यथेच्छ टिंगल केली. म्हातारपणी पुणेकर झालीस, आता दुपारी झोपायलाही लाग, असलं काहीबाही बोललो. बायकोनं त्या वेळी माझ्याकडं विचित्र नजरेनं पाहिलं. मला वाटलं, तिला मळमळतंय.

माझे ते आठवडे वाईट गेले. मनोनिग्रहाचं सगळं तेज आठवड्याभरात उतरलं. तोंडात फोड, पोटात वारा, अंगात त्राण नाही. पोट असं फुगायचं की सोसायटीच्या वॉचमननं आम्हां दोघांना एकत्र जाताना बघून गेट जरा जास्तच उघडलं. बायकोचं पोट अजून दिसतही नव्हतं. ऑफिसात मी मुकाट्यानं पट्टा सैल करून बसायचो. ज्यांना मी चपातीवर व्याख्यानं दिली होती ते माझ्या डब्यात डोकावून जायचे. आणि तरीही पोटात जरा कळ आली की मी खूष व्हायचो. म्हणायचो, चला, आपला उमेदवार जोरात आहे.

दोन्ही रिपोर्ट एकाच दिवशी हातात पडले. आधी कोणता सांगू, असं डॉक्टरांनी विचारलं नाही. त्यांनी स्वतःच मोठा आधी घेतला. डीएनएमध्ये थॅलेसेमिया नव्हता. माझ्याकडून बाळाला काही जाणार नव्हतं. फार तर ते आपल्या आईसारखं मायनर असेल, आणि मायनर असून माणूस गणित शिकवू शकतो हे आम्हांला माहीत होतं. बायकोनं डोळे मिटून घेतले. मी तिचा हात धरला आणि कुणापुढं न लाजता रडलो.

मग डॉक्टर थोड्या गंभीर झाल्या. म्हणाल्या, दुसरी बातमी मात्र तितकी चांगली नाही, सिलियाकची तपासणी या वेळी जोरदार पॉझिटिव्ह आहे. आतड्याचा छोटा तुकडा काढून खात्री करून घेऊ, पण गहू बहुधा कायमचा सोडावा लागेल. मी रडत रडत म्हणालो, वा, फार छान झालं. त्यांनी मला पाणी दिलं.

आईनं सगळं नीट समजून घेतलं. चपाती कायमची बंद का? कायमची. बिस्कीट? कायमचं. आणि सणाची पोळी? तीही. त्यावर ती म्हणाली, मी बाळ हातात येईस्तवर म्हणले होते, तिनं जन्माचीच लिहून घेतली. देवीचा हा व्यवहार तिला थोडा महाग वाटला असावा, पण तिनं तक्रार केली नाही.

तुकड्यानं खात्री झाली आणि त्या दिवसापासून माझ्यापुरती पोळी बंद झाली. त्या संध्याकाळी घरात इंद्रायणी शिजत होता. झाकण काढलं की त्याचा वास सगळ्या फ्लॅटमध्ये जातो. बायकोनं मला भात वाढला, स्वतःला घेतला. आईनं डब्यातली सकाळची पोळी काढून घेतली. मी म्हटलं, आता कशाला? माझी पोळी संपली, तुझी सोबतही संपली. भात घे.

"मला नगं."

मी भाताचा चमचा तिच्या ताटाकडं नेला. बायकोनं माझा हात धरला. म्हणाली, "त्यांनी भात सोडलाय. तुमची पोळी सुरू झाली त्या दिवसापासून."

मी आईकडं बघितलं. ती पोळीचा तुकडा वरणात बुडवत होती.

"तिला समदं कळतंय, म्हणलं व्हतं ना मी," ती म्हणाली. "चपातीला पोळी म्हणून ती फसतीया व्हय? तुझ्या चपातीच्या जागी काय तरी ठेवाय नगं का? बाळ हातात येऊ दे, मग खाईन."

मी रोज तिच्या शेजारी बसून जेवत होतो. रोज तिच्या ताटाची टिंगल करत होतो. त्या ताटात भात नाही हे मला एकदाही दिसलं नव्हतं. पुढचे सगळे महिने आमच्या घरात भात शिजला की आई उठून बाल्कनीत जायची आणि वास ओसरला की आत यायची.

मुलगी झाली. नर्सनं बाहेर आणून तिला आधी आईच्या हातात दिलं. आईनं तिला नीट न्याहाळलं, बोटं बघितली, कानांच्या पाळ्या बघितल्या, आणि मग तिला माझ्या हातात ठेवून म्हणाली, "हितं भात मिळंल का?"

खाली कँटीन होतं. मी बाळ धरून उभा, म्हणून बायकोचा भाऊ जाऊन एक थाळी घेऊन आला. लांब दाण्याचा, मोकळा, पार गारठलेला भात आणि वर पाण्यासारखं वरण. असला भात गावाकडं आईनं कोंबड्यांनाही घातला नसता. ती बाकावर मांडी घालून बसली, थाळीला हात लावून नमस्कार केला आणि खाऊ लागली. एकदाही मान वर केली नाही. थाळी संपल्यावर हात तसाच धरून तिनं माझ्याकडं बघितलं.

"अजून आन म्हणावं," ती म्हणाली.

मी बाळाला घेऊनच जिना उतरलो.